काठी धरणारीचं नाव

अण्णा, तुम्हाला जाऊन साठाच्या वर वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर कसला राग धरायचा. मी म्हणते, जिवंत होतात तेव्हा धरायची सोय कुठं होती? तुमच्यासमोर मान वर करून बोलायची पद्धत नव्हती, आणि तुम्हाला दिसत नसलं तरी आवाजावरून तुम्हाला माझी मान वर आहे की खाली ते कळायचं. आता मी ऐंशी ओलांडली आहे. पुनावळ्यात नातीच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. खाली हायवे दिसतो, तुम्ही इथं येऊन मला काठीनं ढोसू शकत नाही, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची शाळा तुम्ही होऊ दिलीत, त्यापुढचं लिहिणं नवऱ्यानं शिकवलं. शुद्धलेखनाची तक्रार असेल तर त्याच्याकडं करा, तोही आता तिकडंच आहे. आणि तुम्हाला अहो-जाहो करते आहे ते आदरानं नव्हे, सवय मोडत नाही म्हणून.

आपला धंदा भाटाचा. नातीला हा शब्द सांगितला तर तिला काही कळेना, मग सांगावं लागलं की घरोघरच्या वंशावळी तोंडपाठ म्हणणारे ते भाट. सुगी झाली की चाकणच्या आसपासच्या गावांतून पाटला-देशमुखांची बोलावणी यायची. ओसरीवर घोंगडी टाकायची, तुम्ही मांडी घालून बसायचं, उजव्या हाताला लोखंडी टोकाची काठी, आणि यजमानाच्या मूळपुरुषापासून आजच्या रांगत्या पोरापर्यंत एका सुरात सगळं घराणं म्हणायचं. आपल्याकडं पोथी नव्हती. तुमच्या आज्यानं तुमच्या बापाच्या तोंडात घातलं, बापानं तुमच्या. एखाद्यानं भावाचा खून केलेला असला, दारूपायी शिवार घालवलेलं असलं, तर त्याचं नाव घ्यायचं नाही. तिथं आल्यावर थांबायचं, काठी एकदा जमिनीवर आपटायची आणि पुढं जायचं. त्याला तुम्ही नाव गिळणं म्हणायचात. ठक्क असा आवाज झाला की ओसरीवरची माणसं खाली बघायची. इथं एक माणूस होता, त्याला आपण बोलावत नाही, एवढं सगळ्यांना कळायचं. बायकांसाठी मात्र काठीसुद्धा वाजायची नाही. बापाला मुलगा, मुलाला मुलगा, जसं काही ही सगळी पोरं ओसरीवरच्या खांबाला फुटत होती.

माझ्या आठव्या-नवव्या वर्षी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि काठीचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. तुम्हाला मुलगा नव्हता. दोन झाले, दोन्ही गेले, आणि मी राहिले, हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की मला वाटायचं मीच त्यांना कुठंतरी ढकलून आले. तेव्हा तुमच्यापुढं मी, मधे काठी, मागं तुम्ही, असे आपण गावं तुडवायचो. तुम्ही चालता चालता घराणी घोकायचात, अडखळलात की काठी माझ्या पाठीत बसायची, चूक तुमची असली तरी. मी मुकाट चालायचे. त्याचं कारण एकच होतं. यजमानाचं घराणं म्हणून झालं की भाटानं शेवटी आपलं घराणं म्हणायचं, आणि अगदी शेवटी, डोळ्यांनी अधू भाटानं, ज्यानं काठी धरून आणलं त्याचं नाव घ्यायचं. तशी रीतच होती. तिथं मुलाचं नाव यायला हवं होतं, पण मुलगा नव्हता, म्हणून तुम्ही आवाज थोडा खाली आणून माझं घ्यायचात. “आनी काठी धरून आनलं ती...” आणि मग मी. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायची. मी ओसरीच्या पायरीवर बसून पिढ्यान् पिढ्यांचे बाप्ये ऐकत असायचे ते तेवढ्या एका शब्दासाठी. घरी तुम्ही मला ‘ए’ म्हणायचात. माझं नाव तुमच्या तोंडून फक्त दुसऱ्यांच्या ओसरीवर यायचं.

मग साहेब आला. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, बाकीचे गोरे निघून गेले, हा इंद्रायणीकाठच्या आपल्या मळ्यावर तसाच राहिला. बंगला, आंब्याची बाग, घोडे, आणि चाकणच्या बाजूला कांद्याची जमीन. विलायतेतही त्याच्या घराण्याचा मोठा वाडा आणि गावंच्या गावं जमीन होती म्हणे; थोरला भाऊ लढाईत मेल्यामुळं ती त्याच्याकडं आली होती, पण त्याला तिथल्या थंडीचा कंटाळा. आपली भाषा तो गड्यांकडून शिकलेला, म्हणून शिव्यांसकट अस्सल बोलायचा. आई त्याच्या मुदपाकखान्यात भांड्याला होती. एका सुगीला पाटलाच्या ओसरीवर त्यानं तुम्हाला ऐकलं आणि तो येडाच झाला. दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाला, “त्या पाटलाचं घरानं तू म्हनतोस. मग माझं कोन म्हननार? माझं त्याच्यापरीस मोठं हाय.” तेव्हा बोलावणी कमी व्हायला लागली होती. पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघाली होती, पाटलांची पोरं तिकडं मुकादम म्हणून लागत होती, वंशावळ ऐकायला बसायला कुणाला वेळ नव्हता. तुम्ही हो म्हणालात. आईनं घरी येऊन विचारलं, “आवं, गोऱ्याचं घरानं तुमच्या जिभंला झेपंल का?” तुम्ही म्हणालात, “मानूस तो मानूस. त्येलाबी बाप असतोच की.”

सबंध हिवाळा आपण त्या मुदपाकखान्यात काढला. बंगल्याच्या दिवाणखान्यात आपल्याला यायला मनाई होती, म्हणून साहेब स्वतः खाली यायचा, खोक्यावर बसायचा, आई कोपऱ्यात राखेनं पातेली घासत असायची, आणि तो एकेक पूर्वज तुमच्या पुढ्यात टाकायचा. पहिला म्हणे परक्या राजाच्या फौजेबरोबर समुद्र ओलांडून विलायतेत आला, घोड्यांची लीद काढणारा होता, लढाईत राजाचा घोडा वाचवला म्हणून नदीकाठची जमीन मिळाली. त्याचा नातू लंगडा. त्यानं शेजाऱ्याच्या विहिरीत मेलेलं डुक्कर टाकून शेजाऱ्याचं शेत घेतलं. एकानं दोन राजांच्या भांडणात दोघांनाही निष्ठा वाहिली आणि दुसऱ्यानं त्याचं मुंडकं उडवलं. एकानं लांबच्या बेटावर ऊस लावला आणि त्यासाठी काळी माणसं विकत घेतली. बोटीत निम्मी मेली तर त्यानं बोटवाल्याशी भाव पाडून घेतला. साहेब हे सगळं हसत हसत सांगायचा. मेलेल्यांची त्याला शरम नव्हती, उलट तो त्यांना बागेतल्या झाडांसारखा दाखवायचा. तुम्ही ते सगळं मन लावून घोकलंत. त्याच्या तोंडातली कडक नावं तुमच्या तोंडात मऊ झाली, प्रत्येकाच्या मागं ‘राव’ लागलं, आणि डोकं उडालेल्याला तुम्ही ‘रणी पडला’ करून टाकलंत. साहेबाला ते फार आवडलं. त्याच्या सगळ्या बदमाशांना तुम्ही आपल्या सुरात बसवून मराठे सरदार केलंत.

आणि मधे ती बाई होती. तिचे दोन्ही भाऊ देवीच्या रोगात गेले, बाप अंथरुणाला खिळला, आणि जमीन तिच्याकडं आली. तिनं लग्न केलं ते नवऱ्यानं तिच्या घराण्याचं आडनाव लावायचं या अटीवर. पोटात पोर असताना घोड्यावर बसून शिवार फिरायची. दलदल उपसून तिनं जमीन दुप्पट केली. साहेब सांगायचा, मेंढरांना कुरण हवं म्हणून तिनं भर बर्फात कुळांची खोपटं पाडली, एका बाळंतिणीला तान्ह्यासकट रस्त्यावर बसवलं, ते तान्हं रात्रीत गारठून गेलं, आणि ही सकाळी तिथूनच घोडा घेऊन गेली. “माझ्या घरात बाप्ये समदे जुगारी,” तो म्हणाला, “जमीन राखली ती तिनं. ती नसती तर मी आज कोनाच्या तरी घोड्याची लीद काढत असतो. तिला नीट म्हन.” अण्णा, खरं सांगते, मला ती बाई आवडायची. दुष्ट होती, माझ्या आईसारखीला तिनं चाबकानं हाणलं असतं, तरी आवडायची. आपण घरी परत यायचो तेव्हा मी मनातल्या मनात तिचं नाव म्हणायचे. सबंध वंशावळीत म्हणण्यासारखं बाईचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

तुम्ही मात्र तिच्याशी आलात की पुटपुटायचात. साहेबासमोर कसंबसं नाव घ्यायचात, आणि रस्त्यात घोकताना तिला वगळून तिच्या नवऱ्यालाच सासऱ्याचा मुलगा करायचात. मी एकदा म्हणाले, “अण्णा, तो जावई आहे.” काठी पाठीत बसली. “बाईवरनं वंश चालत न्हाई,” तुम्ही म्हणालात. “बाईवरनं चालवला तर यजमानाचा वंश बुडतो आनी भाटाची जीभ झडती. माझ्या बापानं सांगितलंय.” म्हणजे जीभ झडेल या भयानं तुम्ही जावयाला मुलगा करून खोटा वंश सांगत होता. त्या वेळी मी सोळा वर्षांची होते, पण मला त्यातली गंमत तेव्हाही कळली होती.

वैशाखात विलायतेहून साहेबाचा पुतण्या, धाकट्या भावाचा मुलगा, आला. तिकडचा वाडा आणि जमीन विकायची म्हणून काकाची संमती घ्यायला आला होता. साहेबाला विकायचं नव्हतं. त्यानं ठरवलं की पोराला आपल्यासमोर लाजवायचं. जेवणानंतर व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, छावणीतले दोन-तीन ओळखीचे गोरे आणि एक पारशी वकील बोलावला, नोकर भिंतीला लावून उभे केले, आणि तुम्हाला समोर अंगणात आणलं. त्यानं खास तुमच्यासाठी पुण्याहून फेटा मागवला होता, तांबडा, जरीच्या काठाचा. घराणं म्हणून झालं की यजमानानं भाटाला फेटा बांधायचा, ही रीत तुम्हीच त्याला सांगितली होती. आई सकाळपासून खूश होती. मी तुमचं धोतर नीळ घालून धुतलं होतं. फक्त घोंगडी नव्हती. तुम्ही म्हणालात, “साहेब, भाट बसून म्हनतो.” साहेब म्हणाला, “आज उभ्यानं म्हन, मंजी समद्यांना दिसशील.” वहाणा पायरीशीच काढायला लावल्या होत्या. अंगणात काळ्या फरशा होत्या आणि दुपारचे दोन वाजले होते. मी काठीचं टोक धरून बाजूला उभी होते, माझे तळवे चटके खात होते, पण मी पाय बदलत होते. तुम्ही बदलत नव्हता.

साहेब आधी पुतण्याला इंग्रजीत काही बोलला. वकिलानं शेजारी उभ्या नोकराला आपल्या भाषेत समजावलं ते मी ऐकलं, ह्याला स्वतःच्या पणज्याचं नाव ठाऊक नाही आणि हा आंधळा नेटिव्ह सगळे म्हणून दाखवणार आहे, असं काहीसं. मग तुम्ही सूर लावलात. तुमचा सूर चांगला होता अण्णा, तेवढं मी कबूल करते. लीद काढणारा आला, लंगडा आला, मुंडकं उडालेला आला, पुतण्या हसायला लागला होता तो थांबला. आणि तुम्ही त्या बाईपाशी आलात. चार गोरे, वकील, ओळीनं उभे नोकर, इतक्या माणसांसमोर तुमच्या जिभेला ते नाव उचलेना. तुम्ही श्वासही न घेता जावयाला मुलगा केलंत आणि पुढं निघालात.

“थांब,” साहेब म्हणाला. “बाई कुठं गेली?”

तुम्ही पुढचंच नाव घेतलंत.

“परत म्हन. पयल्यापासनं.”

तुम्ही पहिल्यापासून म्हटलंत. तिथं आलात, आणि परत तेच. साहेबानं पुन्हा थांबवलं. आता तो खुर्चीतून उठून पायरीवर आला होता, चेहरा लाल, आणि बोलत मात्र होता अगदी हळू. “मला माझ्याच पाव्हण्यांम्होरं खोटं पाडतोस? परत.” तिसऱ्यांदा तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा तुमचा आवाज फाटला होता. तुमच्या मानेवरून घाम उतरत होता आणि फरशीवर पडला की लगेच सुकत होता. पुतण्याला आता मजा वाटायला लागली, त्यानं खिशातून काडेपेटी काढून सिगारेट पेटवली आणि पाय पसरले. मुदपाकखान्याच्या दारात आई उभी, पदर तोंडात. चौथ्या वेळी तुम्ही म्हणालात, “साहेब, मारा पायजे तर. बाईचं नाव वंशात येत न्हाई. तुमचाच वंश बुडंल.” साहेब हसला आणि म्हणाला, “माझा वंश माझ्याम्होरं खुर्चीत बसलाय आनी माझं घर विकाया निघालाय. बुडायचा काय राहिलाय? म्हन.” तुमचा सगळा भार काठीवर आला होता. माझ्या हातातलं टोक ओढलं जात होतं, त्यावरून कळत होतं की तुम्ही आता पडणार.

मग मी म्हटलं. तुमच्या सुरात, तुम्ही जिथं थांबला होता तिथून. बापाची ती लेक, भाऊ देवीत गेले, दलदल उपसली, जमीन राखली, तिचं पूर्ण नाव, आणि तिच्या पोटी जो आला तो, आणि तिथून खाली साहेबापर्यंत, मग त्या सिगारेट ओढणाऱ्या पुतण्यापर्यंत. एकदाही अडखळले नाही. तुम्हाला वाचवायला म्हटलं की मला म्हणायचंच होतं म्हणून म्हटलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. दोन्ही होतं, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. संपलं. आणि साहेबानं काय केलं, तर टाळ्या वाजवल्या. तबकातला तांबडा फेटा उचलून पायऱ्या उतरून आला, आणि तुमच्या शेजारी उभं राहून, माझ्या वेण्यांवरून, माझ्या डोक्याला गुंडाळला. वाकडातिकडा, कानांवरून. सगळे हसले. नोकरसुद्धा हसले, त्यांना हसावं लागलं. पुतण्यानं कॅमेरा आणून फोटो काढला. साहेब तुम्हाला म्हणाला, “भाट ही. तू नुसता काठीवाला. उद्यापासनं हिलाच धाड.” तुम्हाला दिसत नव्हतं. तुम्ही मान वळवून आईच्या दिशेनं विचारलंत, “काय झालं? का हसत्यात?” आणि आईनं सांगितलं नाही, म्हणून तुम्ही हात पुढं करून चाचपलंत. तुमची बोटं माझ्या डोक्यावरच्या फेट्याला लागली. चटका बसल्यासारखा तुम्ही हात मागं घेतलात.

घरी तुम्ही मला मारलं नाहीत. मी वाट बघत होते. मारलं असतंत तर बरं झालं असतं, चार दिवसांत अंग मोकळं झालं असतं. फेटा तुम्ही आईला चुलीत घालायला लावलात. जरीचा वास खोपटात दोन दिवस राहिला. साहेबाकडं मला धाडलं नाहीत, आईचंही काम सोडवलंत. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता, पण पंधरवड्यानं देशमुखांकडं बारसं होतं, बोलावणं आलं, आणि तुम्ही काठीचं टोक माझ्याकडं केलंत. मला वाटलं, निवळलं. सबंध वाट तुम्ही घोकलंतही नाही. ओसरीवर घोंगडी होती, गार पाणी होतं. तुम्ही यजमानाचं घराणं म्हटलंत, मग आपलं म्हटलंत, खापरपणजापासून तुमच्यापर्यंत, आणि मी पायरीवर सरसावून बसले. “आनी काठी धरून आनलं ती...” तुम्ही म्हणालात. आणि थांबलात. आणि काठी एकदा जमिनीवर आपटलीत.

ठक्क. ओसरीवरची सगळी माणसं खाली बघायला लागली. बारशाच्या घरात बायका माजघरातून डोकावल्या. मी भर उजेडात पायरीवर बसलेली होते, सगळ्यांना दिसत होते, आणि तुम्ही मला खुन्यांच्या आणि दारुड्यांच्या पंगतीला बसवलंत. येताना तुम्ही काठी माझ्याकडं दिली नाहीत. बारशाला जेवायला आलेल्या चुलत्याच्या पोराला हाक मारलीत. तो सतरा वर्षांचा ठोंब्या, त्याला स्वतःच्या आज्याचं नाव येत नव्हतं. पुढल्या ओसरीवर तुम्ही खड्या आवाजात त्याचं नाव घेतलंत म्हणे. आई रात्री माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, “पोरी, बाईमानसासाठी काठी वाजली ती आज पयल्यांदाच. नाव गिळाया आधी नाव असावं लागतं.” बिचारीनं समजूत घातली. मला तिचीही चीड आली.

महिन्याच्या आत तुम्ही मला उजवलंत. मुलगा लातूरकडचा, पिंपरीच्या बांधकामावर गवंडी, मागं कुणी नाही, दोन बोलणी झाली आणि अक्षता पडल्या. कुणाच्या गळ्यात मारतो आहोत हे तुम्ही बघितलं नाहीत, माणूस भला निघाला हे माझं नशीब. पुढं तो कारखान्यात लागला, चिंचवडला कॉलनीत खोली मिळाली, शिफ्टवरून आला की मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायचा. मी त्याला साहेबाचं घराणं म्हणून दाखवायचे आणि तो हसून हसून लोळायचा. साहेबाचं मात्र तिकडं काही उरलं नाही. त्यानं शेवटी सही दिली. विलायतेतला वाडा गेला, आणि दोन पावसाळ्यांत इथं साहेबही गेला. बंगल्याच्या जागी आज गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, नातू एकदा मला मोटारीतून दाखवायला घेऊन गेला होता. काळ्या फरशा कुठं दिसल्या नाहीत. त्या पुतण्यानं पुढं काय केलं ठाऊक नाही. फेट्यातला माझा फोटो विलायतेत कुठल्या तरी पेटीत असेल, नाहीतर नसेल.

तुम्ही आजारी पडलात ते पोरीच्या वेळी. बाळंतपण होऊन सव्वा महिना झाला होता, मी तिला घेऊन आले. तुम्ही वाळून काठीएवढे झाला होता. आईनं नात तुमच्या छातीवर ठेवली, तुम्ही तिचं तोंड चाचपलंत, नाक चाचपलंत. मग आई म्हणाली, “आवं, आता तरी लेकीला नावानं हाक मारा. तेवढ्यासाठी आलीया ती.” मी तेवढ्यासाठी आले नव्हते, असं मला म्हणायचं होतं, पण ते खोटं होतं, मी तेवढ्यासाठीच आले होते. पोरगी चुळबुळ करत होती. मग तुम्ही तिच्या अंगावरचा हात काढलात, बाजल्याच्या खाली सोडलात, आणि मधल्या बोटाच्या पेरानं सारवलेल्या जमिनीवर एकदा वाजवलंत. अंगात जीव नव्हता, तरी तेवढ्यासाठी होता. मी पोरगी उचलली आणि रात्रीच्या गाडीनं चिंचवडला आले. चार दिवसांनी निरोप आला. मी मातीला आले नाही.

अण्णा, त्या ठोंब्याच्या तोंडात तुम्ही काही घालू शकला नाहीत. पाटलांची, देशमुखांची सगळी घराणी तुमच्याबरोबर सरणावर गेली असं गाव समजतं. तसं नाही. सगळी माझ्याजवळ आहेत. माझी नात, त्या छातीवर ठेवलेल्या पोरीची पोरगी, मारुंजीला आयटीत आहे. रविवारी ती मोबाइल समोर ठेवते आणि म्हणते, “आजी, बोल.” मी बोलते. साहेबाचं घराणं आधी म्हणते, लीद काढणाऱ्यापासून, आणि त्या बाईपाशी आले की आवाज चढवते. ज्यानं तुमचे पाय भाजले त्याचे सगळे बाप मी नातीच्या मोबाइलमध्ये घालून ठेवले आहेत. मग आपलं म्हणते. खापरपणजा, पणजा, आजा. तिथून सरळ माझ्यावर येते. तुम्हाला मी गिळलं आहे. गेली कितीतरी वर्षं मी तुम्हाला गिळते आहे, आणि मला फार बरं वाटतं.

परवा नातीनं विचारलं, “आजी, तुझ्या आजोबांच्या नावानंतर तू दर वेळी टेबलावर का वाजवतेस? कोण आहे तिथं?” मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, “मग नको ना वाजवू, रेकॉर्डिंगमध्ये खाट्कन येतं.” बरोबर होतं तिचं. न वाजवता गेले तर तुम्ही होता हेसुद्धा कुणाला कळणार नाही, बाईसारखे नाहीसे व्हाल. मला ते सुचलं कसं नाही याचंच नवल वाटलं. मी हात मांडीवर घट्ट धरून पुन्हा सुरुवात केली. खापरपणजा आला, पणजा आला, आजा आला, आणि मी अडकले. नात वाट बघत होती. तीनदा करून बघितलं.

हे पत्र मी टाकणार कुठं, डब्यात घडी करून ठेवीन. त्यात एवढं असू दे. तिथं तुमच्यासाठी वाजवल्याशिवाय मला पुढचं नाव आठवत नाही, आणि पुढचं नाव माझं आहे.